अहवालातले ठळक आकडे: कुत्र्याच्या रक्ततपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांसोबत रक्ततपासणीचे अहवालही मोठ्या संख्येने येऊ लागतात. अहवाल आता पशुवैद्यकाच्या आधी घरच्यांच्या मोबाइलवर पोहोचतो, त्यातला एखादा आकडा ठळक अक्षरांत किंवा बाण लावून छापलेला असतो, आणि त्यामागे कोणता आजार दडला आहे याचा शोध त्याच रात्री सुरू होतो. या अंकात अशा काही पत्रांना उत्तरे देत आहे. आपल्या कुत्र्याला हात लावून तपासणाऱ्या पशुवैद्यकाची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे ते मात्र यातून स्पष्ट व्हावे.

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर नऊ वर्षांचा आहे. वार्षिक तपासणीत त्याची अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातले एक एन्झाइम) 412 आली असून मर्यादा 150 पर्यंत छापली आहे. बाकी सर्व आकडे मर्यादेत आहेत. तो नीट खातो, रोज शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फिरतो. ओळखीच्यांनी 'लिव्हर खराब झाले' असे सांगून एक टॉनिक सुचवले आहे. ते सुरू करावे का? (एक वाचक, दादर)

उत्तर: टॉनिक तूर्त बाजूला ठेवावे. छापलेली मर्यादा कशी ठरते ते आधी समजून घेऊ. निरोगी कुत्र्यांच्या मोठ्या गटाचे रक्त तपासून त्यांपैकी मधल्या 95 टक्के कुत्र्यांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात, तो पट्टा सामान्य मानतात. म्हणजेच पूर्ण निरोगी अशा दर 20 कुत्र्यांमागे एकाचा आकडा पट्ट्याबाहेर जाणारच. एका अहवालात एकमेकांवर अवलंबून नसलेल्या 20 चाचण्या असतील, तर निरोगी कुत्र्याचाही निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता गणिताने सुमारे 64 टक्के निघते. मर्यादेच्या काठावरच्या एकट्या आकड्याने घाबरून जाऊ नये, असे आम्ही सांगतो ते यामुळे. आपल्या कुत्र्याचा आकडा मात्र काठावरचा नाही, मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक आहे, त्यामुळे त्याचे कारण शोधायलाच हवे. ते कारण यकृताच्या बिघाडातच असेल असे धरून चालणे मात्र योग्य नाही.

अल्कलाइन फॉस्फटेज यकृत आणि पित्तमार्गातून येते तशी हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या पिल्लांमध्ये ती त्यामुळेच सहज जास्त आढळते. कुत्र्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी माणसांमध्ये नसते: स्टिरॉइडच्या प्रभावाखाली त्यांचे यकृत या एन्झाइमचा एक वेगळाच प्रकार तयार करते. म्हणून मी आपल्याला पहिला प्रश्न कानाबद्दल विचारीन. मुंबईच्या दमट हवेत लॅब्रॅडॉरचे लोंबते कान वारंवार सुजतात, आणि कानात घालायच्या बहुतेक थेंबांत व खाजेवरच्या अनेक मलमांत स्टिरॉइड असते. ते त्वचेतून शोषले जाते, आणि काही आठवड्यांच्या वापरानेही ही पातळी चढू शकते. फिट्सवर देण्यात येणाऱ्या फिनोबार्बिटोननेही हेच होते. गेल्या दोन-तीन महिन्यांत दिलेले प्रत्येक औषध, थेंब, मलम आणि इंजेक्शन कागदावर लिहून ती यादी डॉक्टरांपुढे ठेवावी; बऱ्याचदा उत्तर त्या यादीतच असते.

असे कोणतेही औषध दिले नसेल, तर शरीर स्वतःच जास्त स्टिरॉइड तयार करीत आहे का, म्हणजे कुशिंगचा आजार आहे का, हे पाहावे लागेल. भूक वाढणे, पाणी व लघवी वाढणे, पोट सुटणे, सतत धापा टाकणे आणि अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. 'नीट खातो' असे आपण लिहिले आहे. तो पूर्वीपेक्षा अधिक तर खात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. एक काम आपण घरीच करू शकता. सकाळी मोजलेल्या बाटलीतून पाणी भरावे, दिवसभर त्याच बाटलीतून भांडे भरत राहावे आणि 24 तासांनी किती पाणी संपले ते पाहावे. किलोमागे 100 मिलिलिटरहून अधिक, म्हणजे 30 किलोच्या कुत्र्याने तीन लिटरहून अधिक पाणी पिणे हे निश्चितपणे असामान्य आहे.

यकृताविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. एसजीपीटी (यकृताच्या पेशींतले आणखी एक एन्झाइम) आणि अल्कलाइन फॉस्फटेज यांवरून यकृताच्या पेशींना इजा होत आहे किंवा पित्ताचा मार्ग तुंबला आहे, असा अंदाज येतो; यकृत काम किती करीत आहे ते त्यांवरून कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, युरिया, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन पाहावे लागते, कारण थकलेले यकृत यांतले पहिले चार पुरेसे तयार करू शकत नाही आणि पाचव्याचा निचरा करू शकत नाही. आपल्या अहवालात हे सारे मर्यादेत आहे, ही दिलासा देणारी बाब आहे. पाणी मर्यादेत असेल आणि इतर लक्षण नसेल, तर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. आकडा तसाच राहिला किंवा चढला, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. टॉनिक आताच सुरू केले आणि पुढच्या वेळी आकडा उतरला, तर तो टॉनिकने उतरला की कानाचे थेंब थांबल्याने, हे कोणालाही सांगता येणार नाही.

प्रश्न: चार वर्षांची आमची देशी कुत्री तीन दिवस जेवली नाही, अंगात ताप होता. प्लेटलेट 38,000 आल्या. डॉक्टरांनी गोचीडताप सांगून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 28 दिवस द्यायला सांगितले आहे. शेजाऱ्यांनी पपईच्या पानांचा रस देण्याचा आग्रह धरला आहे. पाचव्या दिवशी ती खेळू लागली असून प्लेटलेट दीड लाखावर गेल्या आहेत. इतके दिवस औषध खरेच लागते का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: होय, 28 दिवस पूर्ण करावेत, आणि याबाबत मी आग्रहाने लिहीत आहे.

गोचीडताप ज्यामुळे होतो तो एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू तपकिरी गोचिडीच्या चावण्यातून शरीरात येतो आणि पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. या आजाराचे प्रथम वर्णन 1935 साली अल्जीरियात झाले. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची कुत्री, विशेषतः जर्मन शेफर्ड, या आजाराने मोठ्या संख्येने दगावली, तेव्हा त्याचे गांभीर्य जगाच्या लक्षात आले. पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताप येतो आणि प्लेटलेट घसरतात. त्यानंतर उपचार अर्धवट राहिले किंवा झालेच नाहीत, तरीही अनेक कुत्री वरवर बरी दिसतात आणि जिवाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीरात टिकून राहतो. त्यांपैकी काहींमध्ये पुढे अस्थिमज्जाच काम थांबवते, लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असे तिन्ही घटक एकदम खाली येतात, आणि त्या अवस्थेतून कुत्र्याला परत आणणे फार कठीण होते. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट वाढू लागणे हे निदान बरोबर असल्याचे चांगले चिन्ह आहे, परंतु जिवाणू संपल्याचा तो पुरावा नाही. गोळी रिकाम्या पोटी दिल्यास उलटी होऊ शकते, म्हणून जेवणाबरोबर द्यावी. पेढ्यात किंवा दुधात लपवून देऊ नये, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे औषधाचे शोषण कमी होते.

पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या निमित्ताने घराघरांत पोहोचला आहे आणि शेजाऱ्यांचा आग्रह मायेपोटीच आहे, हे मी जाणतो. पण या आजारात प्लेटलेट कमी होतात त्या मुख्यतः जिवाणूमुळे चेतलेली प्रतिकारशक्ती त्या नष्ट करते म्हणून. जिवाणू त्या रसाने मरत नाही, आणि मुळात जेवण सोडलेल्या कुत्रीच्या घशात कडू रस बळेच ओतल्याने उलट्या होतात व औषधही बाहेर पडते.

प्लेटलेटच्या आकड्याविषयी आणखी थोडे लिहायला हवे, कारण सर्वाधिक पत्रे त्याविषयीच आहेत. कुत्र्यांमध्ये साधारणपणे दोन ते पाच लाख ही संख्या सामान्य मानतात. परंतु रक्त काढताना सुई शिरेत सहज गेली नाही, कुत्रा झटापट करू लागला, किंवा जांभळ्या झाकणाच्या बाटलीतले रक्त लगेच हळुवार हलवून मिसळले गेले नाही, तर प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि अहवालात 40,000 छापून येतात. अशा वेळी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की पट्टीच्या निमुळत्या कडेला जांभळट पुंजके स्पष्ट दिसतात आणि संख्या खरी कमी नाही हे दोन मिनिटांत कळते. त्याच पट्टीवर लाल पेशींच्या आत बसलेले बॅबेशियाचे परजीवीही कधीकधी सापडतात, आणि त्याचे औषध निराळे असते. म्हणून प्लेटलेट कमी आल्या, तर 'काचपट्टी पाहिली आहे का?' हा प्रश्न आपण नि:संकोच विचारावा. आपल्या कुत्रीला ताप होता आणि औषधाला प्रतिसादही मिळाला, त्यामुळे तिचा आकडा खरा असावा असे दिसते.

गोचीड घरातच वाढते हेही लक्षात घ्यावे. तपकिरी गोचिडीचे सारे जीवनचक्र बंद घरात पूर्ण होऊ शकते. ती स्विचबोर्डच्या मागे, पडद्यांच्या घड्यांत, दिवाणाच्या फटींत जाऊन अंडी घालते. कुत्रीच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली रोज पाहावे, गोचीड सापडल्यास हाताने चिरडू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचीडनाशक गोळी किंवा औषध वर्षभर चालू ठेवावे. मुंबईत थंडीने गोचीड मरेल असा ऋतूच नाही.

प्रश्न: उपचार पूर्ण होऊन तीन महिने झाले, तरी आमच्या बीगलची एर्लिकियाची झटपट चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली आहे. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन मात्र सामान्य आहेत. पुन्हा औषध द्यावे का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: ही चाचणी जिवाणू शोधत नाही, त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती बरे झाल्यावरही अनेक महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ रक्तात राहतात. तेवढ्यावरून पुन्हा औषध देऊ नये. प्लेटलेट पुन्हा घसरू लागल्या, किंवा अहवालात ग्लोब्युलिन चढलेले आणि अल्ब्युमिन उतरलेले दिसले, तर जिवाणूचा अंश थेट शोधणारी पीसीआर चाचणी करून घ्यावी.

प्रश्न: आमची पॉमेरियन अकरा वर्षांची आहे. तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) 1.3 असून अहवालानुसार ते सामान्य आहे. तरीही डॉक्टरांनी लघवीची तपासणी आणि एसडीएमए नावाची चाचणी सांगितली. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन 0.7 होते. सगळे सामान्य असताना हा खर्च आवश्यक आहे का? (एक वाचक, ठाकुरद्वार)

उत्तर: आवश्यक आहे, आणि आपल्या डॉक्टरांनी जुना अहवाल काढून पाहिला याचे मला मनापासून समाधान वाटते. ठळक न छापलेला आकडाही बोलका असू शकतो, तो असा.

मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेल्याशिवाय क्रिएटिनिन सहसा मर्यादा ओलांडत नाही. शिवाय ते स्नायूंतून तयार होते. वय वाढलेल्या, अंगाने सुकलेल्या छोट्या कुत्रीत स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिनही कमी दिसते आणि मूत्रपिंडांची खरी स्थिती झाकली जाते. ज्या कुत्रीचे स्वतःचे नेहमीचे क्रिएटिनिन 0.7 होते, तिचे 1.3 होणे म्हणजे ते जवळपास दुप्पट होणे आहे. एसडीएमए हाही मूत्रपिंडांतून बाहेर पडणारा रक्तातला घटक आहे; तो क्रिएटिनिनहून पुष्कळ आधी वाढतो आणि त्यावर स्नायूंचा परिणाम होत नाही.

लघवीची तपासणी स्वस्त आहे आणि या प्रश्नात तिचे मोल रक्ताइतकेच आहे. सकाळची पहिली लघवी घ्यावी. कुत्री बसली की मागून लांब दांड्याची स्वच्छ, कोरडी पळी हळूच पुढे सरकवावी, म्हणजे ती दचकत नाही. निरोगी कुत्री सकाळी घट्ट लघवी करते, तिची विशिष्ट घनता साधारणपणे 1.030 च्या वर असते. ती वारंवार 1.008 ते 1.012 च्या दरम्यान आली, तर मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत असे समजावे. लघवीतून प्रथिन जात आहे का आणि रक्तदाब किती आहे, हेही पाहून घ्यावे. निदान होईपर्यंत आहारात एकदम बदल करून तिला केवळ दहीभातावर ठेवू नये. या वयात अकारण प्रथिन तोडल्याने उरलेले स्नायूही झडतात. मूत्रपिंडाचा आजार ठरलाच, तर आहारातले फॉस्फरस कमी करण्यावर भर असतो, आणि तो आहार डॉक्टरांनी ठरवून द्यावा.

प्रश्न: सोसायटीत पाणी तुंबले होते, त्यात आमचा कुत्रा खेळला. आठवड्याभराने उलट्या, डोळे पिवळे. क्रिएटिनिन 4.8, बिलिरुबिन वाढलेले, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्लेटलेट कमी. डॉक्टरांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) शंका आहे, पण पहिली रक्तचाचणी निगेटिव्ह आली. घरात लहान मूल आहे. (एक वाचक, अंधेरी)

उत्तर: मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही एकाच वेळी बिघडणे, सोबत प्लेटलेट कमी होणे आणि आधी तुंबलेल्या पाण्याचा संबंध येणे, हे सारे एकत्र पाहिल्यावर डॉक्टरांची शंका रास्त आहे. आजाराच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह येणे शक्य असते. ती दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात. रक्ताची आणि लघवीची पीसीआर चाचणी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी नमुना घेतला तर अधिक भरवशाची ठरते, पण त्यासाठी उपचार रोखून धरू नयेत. सलाईन आणि प्रतिजैविके वेळेत मिळाली तर अनेक कुत्र्यांची मूत्रपिंडे सावरतात; 4.8 हा आकडा मोठा असला तरी अचानक आलेल्या बिघाडात तो उतरू शकतो, आणि म्हणून आशा सोडू नये.

लेप्टो माणसांनाही होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर या शहराने ते अनुभवले आहे. कुत्र्याच्या लघवीपासून मुलाला पूर्ण दूर ठेवावे, लघवी हातमोजे घालूनच साफ करावी, जागा पातळ केलेल्या ब्लीचने पुसावी, आणि घरातल्या कोणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराविषयी न विसरता सांगावे. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते. पावसाच्या आधी ती दिलेली असणे सर्वांत चांगले.

प्रश्न: घराजवळच्या, माणसांच्या लॅबमध्ये कुत्र्याचे रक्त तपासले तर चालते का? तिथे थायरॉइड फार कमी आणि कोलेस्टेरॉल 240, म्हणजे जास्त, असे आले आहे. (एक वाचक, परळ)

उत्तर: यंत्राने मोजलेला आकडा कदाचित ठीक असेल, शेजारी छापलेली मर्यादा मात्र माणसांची आहे. कुत्र्यात कोलेस्टेरॉल 240 असणे सामान्य आहे. त्याचे टी-फोर, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक, माणसाच्या मानाने मुळातच कमी, साधारण 1 ते 4 असते, आणि दुसरा कोणताही आजार असताना ते आणखी उतरते. एवढ्यावरून थायरॉइडची गोळी आयुष्यभरासाठी सुरू करू नये. रक्तपेशी मोजताना तर अडचण अधिकच, कारण कुत्र्याच्या लाल पेशी आकाराने माणसाच्या पेशींहून लहान असतात. आपण परळला राहता, जिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. प्राण्यांच्या खासगी प्रयोगशाळाही आता घरी येऊन नमुना नेतात. तपासणी तिथेच करावी.

प्रश्न: रक्त देण्यापूर्वी उपाशी ठेवावे का? (एक वाचक, विरार)

उत्तर: पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला 8 ते 12 तास उपाशी ठेवावे, पाणी चालू ठेवावे. सकाळचे दूध-बिस्किटही नको, कारण जेवणानंतर रक्तातील चरबीमुळे सीरम दुधाळ होते आणि अनेक आकडे चुकतात. लहान पिल्ले आणि मधुमेही कुत्री यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये. आपण विरारला आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. सीरम वेगळे न करता रक्त दुचाकीच्या पिशवीत दोन-तीन तास फिरत राहिले, तर पेशी त्यातली साखर दर तासाला 5 ते 10 टक्के खात राहतात. टवटवीत कुत्र्याची साखर 55 आली, तर नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता पोहोचला, हे आधी विचारावे.

प्रश्न: अहवाल रात्री दहा वाजता येतो आणि डॉक्टर सकाळी भेटतात. कोणत्या आकड्यासाठी रात्रीच धावावे? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: रात्री कुत्र्याकडे पाहून निर्णय घ्यावा. वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. हिरडीचा रंग जन्मतःच काळा असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. हिरडी पांढरी, पिवळी किंवा निळसर असेल, पोटावर लाल-जांभळे ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल, शौच डांबरासारखे काळे असेल, लघवी कॉफीच्या रंगाची असेल किंवा दिवसभर झालीच नसेल, झोपेत श्वास मिनिटाला 30 हून अधिक असेल, तो उभा राहू शकत नसेल किंवा फिट आली असेल, तर अहवालात काहीही असो, त्याच वेळी निघावे. प्लेटलेट 30,000 च्या खाली, हिमोग्लोबिन 5 च्या खाली किंवा पोटॅशियम 7 च्या वर असे आकडे असतील, तर कुत्रा बरा दिसत असला तरी रात्रीच फोन करून विचारावे. तोपर्यंत माणसांची कोणतीही गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात; पॅरासिटामॉलने यकृताला धोका असतो. निघताना मोबाइलमधल्या अहवालाबरोबर जुने अहवालही घ्यावेत, आणि चालू असलेली औषधे पाकिटांसकट न्यावीत, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांनी आपल्या कुत्र्याला याआधी कधीही पाहिलेले नसते.